फळ्यावरचा पत्ता

मागच्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे का आले नाही, असं तुम्ही दोघांनी विचारलं होतं आणि मी गुडघ्यांचं कारण पुढे केलं होतं. गुडघे ठणठणीत आहेत. खरं कारण असं की माझ्यावर रेल्वेतून विनातिकीट प्रवास केल्याचा खटला चालू होता. हसू नका. तुमच्या आजोबांचं तुमच्या वाटणीचंही हसून झालं आहे.

आपल्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून 'रेल्वे येणार' हे ऐकते आहे. मोजणीवाले येतात, शेताच्या बांधावर दगड रोवतात आणि चहा पिऊन जातात. आम्ही सगळी एसटीची माणसं. मी शिकवायची त्या शाळेतल्या निम्म्या मुलांनी आगगाडी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेली होती.

फेब्रुवारीतली सकाळ होती. मी जुन्नरच्या घरी ओट्यावर बसून मेथी निवडत होते. फाटकाशी मोटारसायकल थांबली आणि पोलीस शिपाई आत आला.

"बाई, वळखलं का?"

चेहऱ्यावरून नाही, पण आवाजावरून ओळखलं. "खिडकीजवळचा शेवटचा बाक," मी म्हटलं.

"तोच मी! बाई, लई शोधलं तुमाला. समन्स घोडेगावच्या पत्त्यावर निघालं व्हतं. तिथं आता मोबाईलचं दुकान हाये. आधीचे दोन कागद तसेच माघारी गेले."

"समन्स कसलं?"

"रेल्वेत फुकट बसलात म्हणं तुमी," एवढं बोलून त्याने जीभ चावली.

आतून आजोबा म्हणाले, "फुकटच बसायचं होतं तर जरा लांबची गाडी तरी धरायची होतीस!"

कागदावर माझं नाव होतं, पूर्ण. नोव्हेंबरातल्या एका दुपारी मुंबईच्या बाजूच्या एका जंक्शनवर एक बाई तिकिटाशिवाय सापडली होती. दंड भरायला तिच्याजवळ पैसे नव्हते. कडेवर लहान मूल होतं, म्हणून नाव, पत्ता आणि सही घेऊन तिला सोडलं होतं. दिलेल्या तारखेला ती कोर्टात गेली नव्हती. शिपाई मला पत्ता मोठ्याने वाचून दाखवायला लागला आणि अर्ध्यावर त्याची नजर कागदावरून उठली. तरी तो म्हणतच राहिला, "पोस्ट ऑफिससमोर, घोडेगाव, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे," आणि पुढे पिनकोडही.

मग तो थांबला. "बाई, हा तर फळ्यावरचा पत्ता!"

तो म्हणाला ते खरं होतं. घोडेगावच्या शाळेत मी सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आठवीत पत्रलेखन आलं की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात मी माझं नाव आणि पोस्टासमोरच्या भाड्याच्या दोन खोल्यांचा पत्ता लिहायची. सगळ्या वर्गाने तो स्वल्पविरामासकट म्हणायचा, मग आपापला लिहायचा. डोंगराकडच्या गावांतल्या मुली पहिल्या एसटीने यायच्या. हिरडा फोडून काळी झालेली बोटं, दप्तरात भाकरी, आणि उन्हाळा जवळ आला की माझ्यासाठी पानाच्या द्रोणात करवंदं. वर्ग सुरात म्हणायला लागला की शेजारच्या वर्गातले गुरुजी भिंतीवर छडी वाजवायचे. ते सुरातलं इंग्रजी मला अजून ऐकू येतं. त्या खोल्या सोडून मला वीस वर्षं झाली. हा पत्ता आता पोस्टाच्याही लक्षात नसेल. म्हणजे तो देणारी माझी विद्यार्थिनी होती.

मी डायरी काढली. तुम्ही माझ्या डायऱ्यांची चेष्टा करता, पण त्या तारखेला मी जुन्नरच्या बँकेत पेन्शनसाठी हयातीचा दाखला देत होते. त्या दिवशी मी जिवंत होते आणि जुन्नरमध्येच होते, याला बँकेचा शिक्का होता. मला वाटलं, एका तारखेत सुटेन. पण तुमच्या देशात यायचं तर पासपोर्ट हवा, त्याची मुदत संपत आली होती, आणि नूतनीकरणाच्या अर्जात एक प्रश्न असतो : आपल्यावर फौजदारी खटला प्रलंबित आहे का? अशा रकान्यात आजवर मी डोळे मिटून 'नाही' लिहीत आले होते. आता ते खोटं झालं असतं.

वकीलसाहेब तरुण आणि घाईचे होते. त्यांनी कोर्टातून त्या बाईने भरलेल्या कागदाची प्रत आणली. वय छत्तीस लिहिलेलं. माझं बहात्तर.

"काकू, बँकेच्या शिक्क्यावर तारीख आहे, वेळ नाही. आणि वय तर अंदाजानं टाकलं असंही म्हणतील," ते म्हणाले. "तिला पकडणाऱ्या तिकीट तपासणीस साहेबांची बदली झालीय, त्यांना बोलावून ओळख पटवायची म्हणजे तीन-चार तारखा जातील. त्यापेक्षा तोतयेगिरीची तक्रार द्या. तुमचीच कुणी विद्यार्थिनी असणार. संशयित म्हणून नाव द्या, तपास तिकडं वळेल आणि तुम्ही महिन्याभरात मोकळ्या."

मी प्रत हातात घेतली. खाली इंग्रजीत माझ्या नावाची सही होती. वळण मीच शिकवलेलं, पण सगळी अक्षरं मागे रेललेली, वाऱ्याविरुद्ध चालणाऱ्या माणसासारखी. अशी अक्षरं माझ्या वर्गात एकाच मुलीची होती. ती डावखुरी होती. तिची वस्ती शेवटच्या थांब्यापासूनही तासभर चढावर. पत्रलेखनाच्या त्या तासाला सगळ्यांनी आपापला पत्ता लिहिला आणि ती वही मिटून बसली.

"का गं, लिहीत का नाहीस?"

"बाई, आमच्या घराला पत्ताच न्हाई. पोस्टमन येतच न्हाई वर. काय लिवू?"

घंटा व्हायला दोनच मिनिटं उरली होती. मी म्हटलं, "सध्या माझाच लिही."

तिने लिहिला. मग वर्षभर प्रत्येक पत्रावर तोच लिहिला, परीक्षेतही, आणि मी प्रत्येक वेळी पूर्ण गुण दिले. पुढे तिची शाळा सुटली. अनोळखी फलाटावर, मूल कडेवर घेऊन, चार माणसांदेखत कुणी तिला दरडावून नाव-पत्ता विचारला असेल तेव्हा तिच्या तोंडून काय बाहेर पडलं असेल, हे मला दिसत होतं. मुद्दाम केलं असेल का? असेलही. पण लिहायला मीच सांगितलं होतं, आणि ते मागे घ्यायचं माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"काकू, कुणी आठवतंय का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"सव्वीस वर्षांत किती मुली झाल्या!" मी म्हटलं, आणि प्रत परत दिली.

कोर्टात न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदावरच्या छत्तीसकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. तरी रीत ती रीत. तपासणीसाला बोलवायचं ठरलं. "आजी, तुमचा कुणावर संशय आहे का?" असं त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. संशय नव्हताच, खात्री होती. पण त्यांनी तेवढंच विचारलं होतं. मी वर्गात असं उत्तर चालवून घेतलं नसतं.

मग तारखा पडत गेल्या. एका तारखेला तपासणीस आला नाही, एका तारखेला कोर्टाला सुट्टी निघाली. मे गेला. धाकट्या, तुझा व्हायोलिनचा पहिला कार्यक्रम झाला त्या दिवशी तुम्ही फोनवर मला पुढच्या रांगेतली रिकामी खुर्ची दाखवलीत, आणि मी गुडघ्यांवर हात फिरवत बसले. नाव सांगितलं असतं तर त्या खुर्चीत मी असते. हे तुमच्यापासून लपवायचं नव्हतं, म्हणून आज लिहिते आहे. तुम्ही रागावलात तरी चालेल.

ऑगस्टात तपासणीस आला. मला पाहताच म्हणाला, "छे, ह्या नव्हेत." दोन मिनिटांत खटला संपला. कागद कोर्टातल्या एका कपाटात गेला असेल.

मागच्या महिन्यात घोडेगावला एका जुन्या सहकारी बाईंना भेटायला गेले होते. परतताना जुन्नरच्या एसटीत खिडकीशी बसले. इकडे एक त्रास आहे : गाडीत कुणीतरी जुना विद्यार्थी असतोच आणि तो माझं तिकीट काढून मोकळा होतो. मी ते कधी चालू दिलं नाही. हात धरून पैसे परत केले आहेत. सगळ्यांना ते माहीत आहे.

त्या दिवशी कंडक्टर माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "बाई, तुमचं निघालंय." पुढच्या बाकावरची एक बाई वळली. मांडीवर मूल झोपलेलं. तिने माझं तिकीट पुढे केलं, डाव्या हाताने. मग डावा हात आहे हे ध्यानात येऊन गडबडून उजव्यात घेतलं.

माझा हात पर्सकडे गेला होता. तो मी मागे घेतला आणि तिकीट घेतलं. ती खाली बघत होती.

"बाई, मला तुमाला..."

"मूल कितवं गं?" मी विचारलं.

"दुसरं." तिने नाक पुसलं.

फाटा आला. मुलाला खांद्यावर टाकून ती दाराशी गेली. गाडी थांबायच्या आत मी विचारलं, "आता पत्ता आहे का घराला?"

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "हाये बाई. घरकुल मिळालं आमाला. पोस्टमन येतो दारापर्यंत."

"पिनकोड?"

तिने तो घडाघडा म्हणून दाखवला आणि उतरली.

ते तिकीट डायरीत लावलं आहे. पासपोर्टही आला आहे. पुढच्या उन्हाळ्यात येते, खुर्ची ठेवा.