रिजेक्ट नरसाळं

लढाईचे दिवस होते. ब्लॅकआउटमुळे रोज कंदील लागायचा आणि त्यात रॉकेल ओतायला मला एक नरसाळं हवं होतं. सदर बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात गेले, तर काउंटरवरची सगळी पत्र्याची नरसाळी खाकी कपड्यांतल्या एका माणसानं पुढ्यात ओढून घेतलेली. एकेक उचलायचा, टिचकी मारायचा, एक डोळा मिटून आरपार बघायचा आणि पसंत पडलं की खडूनं खूण करायचा.

"अहो, रॉकेल ओतायला एक तरी सोडा!" मी वैतागले. "एवढ्यांचं करता काय?"

"भिंतीवर लावून राहिलो, ताई. पाइपाच्या क्लॅम्पात बसवायची, माती भरायची, मनीप्लांट लावायचा. वरच्याचं पाणी खालच्यात ठिबकते."

"लढाईत काहून भिंती सजवता?"

तो हसला. "फॅक्टरीत तोफेचे गोळे भरतो मी. ते कोणाच्या अंगणात जाऊन पडतात, मालूम नाही. हे भरलेलं तरी माझ्या घरी राहील."

मग त्यानं खूण नसलेलं, काठाशी वाकडं एक नरसाळं माझ्याकडे सरकवलं.

"हे न्या. रिजेक्ट आहे. रॉकेलला चालते, रोपाला नाही."

राग आला, पण घेतलं. त्यातून रॉकेलचा मात्र एक थेंबही गेला नाही. रॉकेल आम्ही अजून अंदाजानंच ओततो आणि सांडतो. नरसाळं खिडकीशेजारी भिंतीवर आहे, त्यातला मनीप्लांट छताला टेकलाय. तो माणूस पुन्हा दिसला नाही, नाहीतर घरी आणून खडूची खूण करून घेतली असती.