चारशे सहासष्ट ग्रॅम पापडखार

सासूबाईंचा शेर मी परस्पर अर्धा केला आणि बहिणीच्या लग्नाच्या पापडांचं पाच शेर पीठ नासवलं. त्याला बरीच वर्षं झाली, पण पापडखाराचा वास आला की अजून मळमळतं. खारापेक्षा माझी त्या वेळची ऐट आठवून जास्त.

नवी वजनं नुकतीच सक्तीची झाली होती. मी जळगावात एका शाळेत गणित शिकवायचो, म्हणजे अख्ख्या गल्लीला किलो-ग्रॅम शिकवण्याचा मक्ताही माझाच, अशी माझी समजूत. तोळ्याचे अकरा पूर्णांक सहासष्ट शतांश ग्रॅम, शेराचे नऊशे तेहेतीस, असा तक्ता मी स्वयंपाकघरात चिकटवला. घरातली छटाक-पावशेराची जुनी वजनं भंगारात घातली. कुणाकडे चहाला गेलो तरी साखरेचे ग्रॅम सांगायचो. असा माणूस आज माझ्या दारात आला तर मी कडी लावून घेईन.

बहिणीचं सासर धुळ्याचं ठरलं होतं. नवरीबरोबर पापडांचा डबा जायचा, आणि सासरच्या बायका आधी त्यातला एक पापड भाजून बघायच्या. माहेर कसं आहे ते त्यांना तिथेच कळायचं. आमची आई नव्हती. तेव्हा डब्याला नाव ठेवलं गेलं असतं तर ते माझ्या बायकोला. ती साक्रीकडची. तिच्या आईचं प्रमाण ठरलेलं होतं, शेरभर उडदाच्या पिठाला चार तोळे खार.

आता शेर दोन. पक्का ऐंशी तोळ्यांचा, कच्चा आपला त्याच्या निम्मा. खेड्यातल्या म्हातारीचा शेर कच्चाच असणार, असं मी धरून चाललो. कशावरून? तिला सही करता येत नव्हती, यावरून! लिहितानाही लाज वाटते. झालं, पाच पक्क्या शेरांचे दहा कच्चे, दहा चोक चाळीस तोळे, चारशे सहासष्ट ग्रॅम.

कोपऱ्यावरच्या मारवाडी दुकानदाराने कागद वाचला आणि चष्मा वर केला.

"मास्तर, पीठ किती?"

"साडेचार किलोच्या वर."

"पाच शेर म्हणा की. मग एवढा खार? पापड लाटायचेत का धोतरं धुवायची आहेत?"

"शेठ, शेर विसरा आता," मी म्हणालो. वर शेवटचा एक ग्रॅमही मोजून घेतला.

घरी बायकोने पुडी हातावर तोलली. "जास्त वाटतोय."

मी तक्त्याकडे बोट केलं. तिने खार पाण्यात उकळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणी घेऊन आल्या. लाटायला बसण्याआधी प्रत्येकीने कच्ची लाटी तेलात बुडवून खायची, ही आमच्याकडची रीत. पोरंसोरं तर त्या लाटीसाठीच येतात. शेजारच्या अक्कांनी पहिली लाटी तोंडात टाकली आणि पदर तोंडाला लावून मोरीकडे धावल्या.

"माय वं! हाई काय शे? साबू शे का?" त्या मोरीतूनच ओरडल्या. "बठ्ठं पीठ वाया गयं ना वं!"

मी लाटी चाखली. कडू, बुळबुळीत, घशात जाऊन चिकटणारी. सोडा प्यायलेला साबण चघळावा तशी. शिसारी आली, आणि ती थुंकायचीही सोय नव्हती, कारण बायको बघत होती. गिळली. लग्न आठ दिवसांवर होतं.

रडण्यात तिने वेळ घालवला नाही. "खार दुप्पट पडलाय. पीठही दुप्पट करू," एवढंच म्हणाली. म्हणजे आणखी पाच शेर डाळ, गिरणी, मीठ, आणि बायकांना दुसऱ्या दिवशीही बोलावणं. नवं पीठ त्या जुन्या गोळ्यात मिसळून कुटायचं काम माझ्याकडे आलं. मुसळाने हाताला फोड आले. बोटांना तो वास असा बसला की जेवताना भाताचा घास तोंडाशी नेला तरी तोच. वर्गात खडू धरला तरी तोच.

"मास्तर, जोरात," अक्का म्हणायच्या. "ग्रॅमवारी कुटू नका."

डबा धुळ्याला गेला. पापड भाजले, फुलले, विहीणबाईंनी दुसरा मागून घेतला, असा बहिणीचा निरोप आला. त्या दिवशी तक्ता फाडून मी चुलीत टाकला आणि धीर करून बायकोला म्हणालो, "चुकलंच माझं. कोणता शेर ते तुझ्या आईंना पत्र टाकून विचारायला हवं होतं."

ती पोळी भाजत होती. उलथली, आणि म्हणाली, "साक्रीला पत्र कशाला? तुम्ही हिशेब मांडत होतात तेव्हा मी समोरच डाळ निवडत बसले होते."