देवासहून धारला, मांडीवर ट्रॅक्टर घेऊन

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात धारहून मामांचा फोन आला. "शालू, माझा मातीचा ट्रॅक्टर मामीच्या हातून फुटला. यंदा पाटावर ठेवायला दुसरा हवा. तुझा घेऊन ये. कुसुमलाही सांगितलंय, तीही तिचा आणेल. मी दोन्ही हाताळून बघेन आणि एक ठेवून घेईन."

मी होय म्हटलं, फोन ठेवला आणि बॅग काढली. ही २००७ च्या पावसाळ्यातली गोष्ट.

मामांच्या पाटाबद्दल आधी सांगायला हवं. मामा शेती खात्यात होते. सरकारी लाल ट्रॅक्टर घेऊन डहीपासून धरमपुरीपर्यंत गावोगाव नांगरट दाखवत फिरायचे. घरी ना जमीन ना बैल, त्यामुळे पोळ्याला मातीच्या बैलजोडीची पूजा, आणि बैलांच्या शेजारी मामांनी स्वतः केलेला मातीचा ट्रॅक्टर. त्यालाही हळदकुंकू आणि पुरणपोळीचा नैवेद्य. सुट्टीत मी आणि माझी मावसबहीण कुसुम त्यांच्याकडे असायचो. मामा आम्हा दोघींना खऱ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून शेताला फेरी मारायचे. माझं ट्रॅक्टरचं वेड तिथलं. एव्हाना मामांची नजर जवळजवळ गेली होती, म्हणून "हाताळून बघेन".

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी ट्रॅक्टरची मॉडेल्स करते. तुपाच्या डब्याचा पत्रा, सायकलच्या ट्यूबचं रबर, पितळेची तार. मामांसाठी काढलं ते मॉडेल पीपलरावां या गावच्या बाजारात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची मापं घेऊन केलेलं होतं. बॉनेट उघडतं, सीटखाली स्प्रिंग आहे, सायलेन्सरवरचं झाकण प्रवासात वाकडं होऊ नये म्हणून कथलाचा डाग देऊन पक्कं केलेलं आहे. काम चोख आहे, हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

कुसुम मात्र माझ्याकडे एकदा आली, ट्रॅक्टर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "ताई, हे चाक कशाचं गं?" मी सांगितलं. त्या दिवाळीपर्यंत तिचं स्वतःचं मॉडेल तयार. नातेवाइकांत ज्याचा फोन येई तो म्हणे, "कुसुमच्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात, पाहिलंस का?" माझ्या ट्रॅक्टरची वळत नाहीत. शिवाय कुसुमच्या अंगणात खराखुरा ट्रॅक्टर उभा असतो. तिच्या नवऱ्याची, विनायकरावांची, धरमपुरीला शेती आहे. माणसाने दोन्हीकडून किती घ्यावं?

ठरलं असं की मी आधी धरमपुरीला कुसुमकडे जायचं आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून धार गाठायचं.

देवास ते इंदूर बसची चिंता नाही, एक सुटली की दुसरी भरत असते. इंदूरला मात्र धरमपुरीची थेट बस पाहून बसावं. धामनोदला उतरवून देणाऱ्या गाड्या पुष्कळ, पण पुढे टेम्पोत कोंबून घ्यावं लागतं. मागच्या चाकावरची सीट घेऊ नका. रस्त्याला खड्डे आहेत असं म्हणणं बरोबर नाही. खड्ड्यांमधून थोडा रस्ता आहे. महूला बस थांबते तेव्हा पोहे खाऊन घ्यावेत, वर शेव आणि जिरावणाचा मसाला मागून घ्यावा. मानपूरच्या घाटात खाल्लेलं पोटात राहील याची खात्री मी देत नाही.

ट्रॅक्टर बुटांच्या खोक्यात, कापसात गुंडाळून मांडीवर घेतला होता. शेजारी पागोटेवाले एक गृहस्थ येऊन बसले. बराच वेळ त्यांनी खोक्याकडे पाहिलं.

"बाई, मिठाई है क्या?"

"नहीं. ट्रॅक्टर है."

त्यांनी मान हलवली, जणू बसमध्ये लोक मांडीवर हेच नेतात. मग म्हणाले, "कितने हॉर्सपॉवर का?"

मी झाकण उघडून दाखवलं. पुढच्या सीटवरचे दोघे वळले. कंडक्टर तिकिटं सोडून वाकला आणि मागच्याला म्हणाला, "अरे भिया, जरा सरको तो, देखने दो." पागोटेवाल्यांनी एका बोटाने सीट दाबली, ती स्प्रिंगवर खाली जाऊन वर आली आणि ते मनापासून हसले. "अपनी वाली से तो ये अच्छी है. अपनी में बोरा रखके बैठता हूँ." मग स्टिअरिंगला हात लावला. "घूमता नहीं?"

मी झाकण लावलं. खलघाट येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते.

ज्यांना ट्रॅक्टर आवडतात त्यांनी हा रस्ता पावसाळ्यातच करावा. शेतातून डांबरावर चढणारा प्रत्येक ट्रॅक्टर चाकाच्या खाचांतून काळ्या मातीच्या वड्या पाडत जातो, थोडं अंतर दाट, मग विरळ, मग संपल्या. कुठे मडगार्डला लाल गोंडे, कुठे आरशाला काळी वेणी. एका ट्रॉलीच्या मागे मोर रंगवलेला होता आणि रंगवणाऱ्याने त्याला कोंबड्याचे पाय दिले होते. असल्या गोष्टींनी माझा दिवस चांगला जातो. त्या दिवशीही गेला असता.

धरमपुरीला कुसुम बसस्टँडवर ट्रॅक्टर घेऊनच आली होती. राधेश्याम नावाचा त्यांचा माणूस चालवत होता, आणि कुसुम, साठीला टेकलेली बाई, मडगार्डवर बसली होती, लहानपणी बसायची तशी.

"ये गं ताई, चढ. पलीकडचं मडगार्ड तुझं."

मी ट्रॉलीत बसले. खोकं सांभाळायचं होतं.

घरी पोचेपर्यंत मी तो ट्रॅक्टर पाहत होते. टूलबॉक्समध्ये पान्यांबरोबर कडुलिंबाची दातुनं. सीटमागे फडक्यात बांधलेली भाकरी. बॉनेटवर कुंकवाच्या हाताचा फिकट झालेला ठसा. आणि सायलेन्सरच्या उभ्या नळीवरचं पत्र्याचं झाकण धुराच्या प्रत्येक झटक्याबरोबर उघडत-मिटत टकटक वाजत होतं. कुसुम या सगळ्याकडे बघतसुद्धा नव्हती. राधेश्यामशी केळीच्या भावाबद्दल बोलत होती. तिला हे रोजचं आहे. मला एवढ्यासाठी पीपलरावांचा बाजार गाठावा लागतो.

जेवायला डाळ आणि पानिये होते. मक्याच्या पिठाच्या जाड चानक्या रुईच्या पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजतात. धार जिल्ह्यात येऊन ते न खाता परत जाऊ नका. विनायकराव तूप वाढत म्हणाले, "शालूताई, आमच्या हिचा ट्रॅक्टर पाहिलात का? मामा तर तोच ठेवतील, बघा."

"अहो, गप्प बसा," कुसुम म्हणाली. "ताईचं काम कुठे, माझं कुठे." असं ती लहानपणापासून म्हणते आणि बक्षीस घेऊन घरी जाते.

मग तिने मॉडेल आणलं. रंग एकसारखा नव्हता, बॉनेट रंगवलेलंच, उघडत नव्हतं. पण स्टिअरिंग फिरवलं आणि पुढची चाकं वळली. अगदी सहज, कुरकुर न करता. मी दोनदा फिरवून पाहिलं. "कसं केलंस?" हे विचारायला जीभ वळली नाही.

आणि तेवढ्यात मला मागची चाकं दिसली.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर रबराच्या तिरप्या जाड पट्ट्या असतात. दोन्हीकडच्या पट्ट्या मध्ये येऊन टोक होतं. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं की हे टोक वर, आभाळाकडे हवं. कुसुमच्या ट्रॅक्टरवर ते खाली, जमिनीकडे होतं.

"या पट्ट्या कशावरून घेतल्यास?" मी विचारलं.

"दारातल्या चिखलावरून. राधेश्याम गाडी घेऊन गेला आणि ठसा असा छान उमटला होता. मागे उभी राहून तसाच्या तसा काढला."

चिखलात टोक मागे राहतं, म्हणून ठसा पाहून केलेलं चाक नेमकं उलटं होतं. खरा ट्रॅक्टर दहा पावलांवर उभा असताना ही बाई चिखल बघून आली. मी "अच्छा" म्हटलं आणि आणखी एक पानिया घेतला. मामा हाताळून बघणार होते. त्या बोटांनी आयुष्यभर ही चाकं चाचपली होती. मला काही बोलायची गरज नव्हती. त्या रात्री मला उत्तम झोप लागली.

सकाळी नर्मदेवर गेलो. नदीतल्या बेटावर महादेवाचं देऊळ आहे, नावेने जातात. पण पाणी चढलेलं होतं आणि नावाड्याने नकार दिला. पावसाळ्यात जाणार असाल तर नावाड्याशी वाद घालू नका, तो नाही म्हणाला की घाटावरूनच हात जोडावेत. मी हात जोडले. काय मागितलं ते देवाला माहीत आहे.

धारला जायला गुजरीवरून मांडवगडच्या बाजूचा रस्ता धरला. घाटात ढग रस्त्यावर उतरले होते, दरीच्या कडेने साग ओले उभे होते आणि बस माणसाच्या चालीने चालत होती. मांडवगड पाहायचं असेल तर वेगळा दिवस काढा. दोघींच्या मांडीवर दोन खोकी. कुसुमचं खोकं साडीचं होतं, माझ्याहून मोठं.

मामा ओसरीत खुर्चीवर बसले होते. मामींनी पाट आधीच मांडून ठेवला होता, त्यावर मातीची बैलजोडी आणि शेजारी रिकामी जागा. नमस्कार झाले, चहा झाला. मामा म्हणाले, "चला, आणा गाड्या. आधी मोठीची."

मी माझा ट्रॅक्टर त्यांच्या हातात दिला. त्यांनी घाई केली नाही. बॉनेट उघडलं, मिटलं. सीट दाबली. मागच्या चाकाच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. सायलेन्सरवर बोट क्षणभर थांबलं, झाकण हलवून पाहिलं, ते हललं नाही, बोट पुढे गेलं. "चोख आहे," ते म्हणाले. "शालूचं काम चोखच असणार." मी पदर सारखा केला.

मग कुसुमचा. स्टिअरिंग फिरलं तसे मामा म्हणाले, "वळते की गं ही." मग अंगठा मागच्या चाकावर गेला. थांबला. परत फिरला. 

"कुसुम, चाकं उलटी आहेत बाळ."

"काय सांगता मामा?"

"उलट्या पायांची आहे ही. चिखलात घातलीस तर बाहेर यायची नाही." आणि ते हसायला लागले. मामी हसल्या, कुसुमच सगळ्यांत जास्त हसली. या बाईला लाज म्हणून वाटत नाही. मीही हसले, आणि माझं हसू खरं होतं.

पण मामा ट्रॅक्टर तोंडाजवळ धरून हसत होते, आणि त्यांच्या श्वासाने काहीतरी वाजलं. टक. टकटक.

ते हसायचे थांबले. ट्रॅक्टर कानाशी नेला, मग ओठांशी आणला आणि फुंकर मारली. कुसुमने सायलेन्सरवरचं झाकण टाचणीवर सैल ठेवलं होतं. ते उघडत-मिटत वाजलं. मामांनी पुन्हा फुंकलं, थोडं जोरात, मग बारीक बारीक, चढावर गाडी घातल्यासारखं.

"ऐकलंस का गं?" ते मामींना म्हणाले. "डहीच्या वाटेवर अशीच वाजायची."

मामींनी पदराने डोळे टिपले. मामा फुंकतच राहिले.

मग मामा माझ्याकडे वळले. "शालू, हिची चाकं नीट करून दे. तुझ्याकडे पेचकस असेलच."

असतोच. मी जमिनीवर बसले आणि स्क्रू सोडवून कुसुमच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढली. उपाय सोपा आहे, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवलं की टोकं वर येतात. कुसुम स्क्रू धरून शेजारी बसली होती.

"ताई, तुला कालच दिसलं असणार."

"दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचा स्क्रू दिला. "आता विचारते. हे झालं की तुझ्या गाडीचं स्टिअरिंग फिरतं करून देऊ का? छत्रीची तार लागते, बाकी काही नाही."

मी नको म्हटलं. चाकं घट्ट करून ट्रॅक्टर स्वतःच्या हाताने पाटावर, बैलांच्या शेजारी ठेवला. माझ्या हातांनी आता तो निर्दोष झाला होता.

धार ते देवास परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. इंदूरला बस बदला, एवढंच. खोकं मांडीवर होतं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

लोक विचारतात, एवढं फिरून काय मिळालं. धरमपुरीचे पानिये, घाटातले ढग, डांबरावरच्या मातीच्या वड्या, हे सगळं मिळालं, आणि जमेल त्याने एकदा जाऊन यावं. मत्सर कमी झाला का? नाही. उलट आता त्याला आवाज आहे.

घरी आल्यावर मी इस्त्री करायच्या टेबलावर ट्रॅक्टर ठेवला, डागणी तापवली आणि झाकणाचा डाग सोडवला. तुपाच्या डब्याचा पत्रा जाड, तो नुसता खाली पडून राहतो, वाजत नाही. दोन दिवस खटपट करून कुसुमला फोन केला. तिने आढेवेढे घेतले नाहीत. "काजळाच्या डबीचं झाकण घे गं ताई. पातळ असतं."

पोळ्याच्या दिवशी पूजा आटोपल्यावर मामांना फोन लावला. त्यांच्याकडे हळदकुंकू झालं होतं, नैवेद्य व्हायचा होता. मी ट्रॅक्टर फोनजवळ धरला.

"मामा, ऐका," म्हटलं, आणि फुंकर मारली.

 मामा पलीकडून म्हणाले, "इंजिन गार आहे तुझं. तापू दे जरा."

मी फोन खांद्याने कानाशी दाबला, ट्रॅक्टर दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा फुंकायला लागले.