फिरला की नाही

आमच्या किटबॅगेत शिवण उसवलेले जुने चेंडू आहेत. टाकवत नाहीत. परवा बॅग झाडायला काढली आणि तासभर तिथंच बसून राहिलो. एकेका चेंडूला एकेक किस्सा चिकटलेला!

माझी शाळा नववीत सुटली. तेव्हापासून दिवसा टॉवेलच्या कारखान्यात, आणि संध्याकाळी मुलींच्या सॉफ्टबॉल संघाचा सरावापुरता कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा. त्यांच्या चेंडूसमोर बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

*

सॉफ्टबॉलमध्ये पिचर चेंडू खालून टाकते. सुटताना मनगटानं फिरवला, तर तो बॅटपाशी येऊन बुडी मारतो. सांगोल्याकडच्या कोमलचा चेंडू वेगात यायचा, पण फिरायचाच नाही. वडील गावी मेंढरं राखायचे, ती इथं मामाकडं. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर सोलापुरात राहायचं, नाहीतर परत गावी, असं घरी ठरलेलं.

आमच्या कोच सरांनी चेंडूला मधोमध लाल चिकटपट्टी लावली. नीट फिरला तर पट्टीची सरळ रेघ दिसते. कोमलनं पहिला चेंडू टाकून विचारलं, कसा गेला?

"चेंडूवरचं कंपनीचं नाव वाचलं मी," सर म्हणाले. "पत्ता असता तर तोही वाचला असता."

*

एकदा सर स्वतः दाखवायला गेले. हात गरकन फिरवला आणि चेंडू मागं, थेट त्यांच्याच स्कूटरच्या आरशावर!

"बघितलं? लवकर सोडला की असं होतं."

तो आरसा त्यांनी कधीच बदलला नाही. शिकवायला बरा पडतो म्हणायचे.

*

घरी हाताला येईल त्यानं मनगटाचा सराव करा, असं सरांनी सांगितलेलं. आठवड्यानं कोमलची मामी पिशवी घेऊन मैदानावर. घरातला एक कांदा धड राहिला नव्हता.

"दिवसभर असं करतीया बगा," म्हणत मामीनं एक कांदा खालून माझ्याकडं भिरकावला. गरगरत आला आणि ग्लोव्हजपाशी चक्क बुडाला!

सर बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "मामी, वय काय तुमचं?"

*

चेंडू चांगला फिरला की "फिरला!" असं ओरडायचं, हे माझं काम. पण मुलींसमोर माझा आवाजच फुटायचा नाही. म्हणून मी फिरलेला चेंडू फेकून परत द्यायचो आणि न फिरलेला जमिनीवरून घरंगळत. दोन वर्षं आमचं बोलणं एवढंच.

*

निवडीच्या दिवशी चेंडू कोरे होते. पट्टी लावायची नाही म्हणाले. प्रत्येकीला पाच चेंडू, समोर बॅट घेऊन एक दांडगी मुलगी.

कोमलचा पहिला मी घरंगळत दिला. दुसराही. निवड समितीतल्या बाई मला म्हणाल्या, नीट फेकता येत नाही का? तिसरा, चौथा, तसेच. कोमल चेंडू उचलायला वाकायची ती मान खाली घालूनच. कडेला मामी पदर तोंडाला लावून बसलेली.

पाचवा आला. बॅट फिरली, वाऱ्यावर. चेंडू बॅटच्या खालून माझ्या हातात.

मला फेकवेना. उठलो, चाळीस फूट चालत गेलो आणि कोमलच्या हातात ठेवला.

"दादा, आता तरी बोला की."

"फिरला!"

इतक्या जोरात की पलीकडं खेळणारी पोरंसुद्धा थांबली. बाईंनी वहीतून मान वर केली.

"नाव लिहिलंय आम्ही," त्या म्हणाल्या. "ओरडू नका."