पाठीमागून कुणी येऊ नये अशी नोकरी

उंब्रजचा कृष्णात थोरवत सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आला. झोप मात्र सीमेवरच राहिली. कुठं फटाका वाजला की हा पलंगाखाली. फौजेच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. पण माजी सैनिक म्हटला की वॉचमन, असं ठरवून पाव्हण्यांनी त्याला एका कारखान्याच्या गेटवर उभा केला.

तिसऱ्या दिवशी पाळीचा भोंगा वाजला आणि कृष्णात गरजला, "लेट जाओ!"

आवाजच असा, की कामगार, दोन ट्रॅक्टरवाले आणि पांढऱ्या सफारीतले मॅनेजरसाहेब चिखलात पालथे पडले. साहेब उठले तेव्हा कृष्णातची नोकरी गेली होती.

हा किस्सा तो हसत सांगायचा, पण पुढं महिनाभर उंबऱ्याबाहेर पडला नाही. शेवटी बायको संयोगितानं त्याला सांगलीला नेलं. तिथं चंदनबाला मगदूम नावाच्या बाई माजी सैनिकांना कामाचा सल्ला द्यायच्या.

"कसलं काम आवडेल?" बाईंनी विचारलं.

"जिथं साहेब जवळ येणार न्हाई. भोंगा नको. आन् पाठीमागनं कुणी येता कामा न्हाई."

संयोगितानं कोपर मारलं. "आवं, नीट बोला की!"

"नीटच बोलतायत," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "गोळ्या आणि डॉक्टर सोडायचे नाहीत. बाकी मी बघते."

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "मधमाश्या पाळणार का?"

"बाई, चेष्टा करताय व्हय माजी?"

"थोडी. पण पेट्यांपाशी आरडाओरडा चालत नाही. आणि तिथं तुमच्या मागून यायची कुणाची छाती आहे?"

प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी अकरा माश्या चावल्या. पण पेटीची चौकट उचलताना आपले हात थरथरले नाहीत, हे दुपारी जेवताना त्याच्या लक्षात आलं. भाकरी तशीच ठेवून तो हातांकडं बघत बसला.

आता त्याच्या चाळीस पेट्या आटपाडीकडं डाळिंबाच्या बागांत असतात. एखादा दिवस अजून वाईट जातो. त्या दिवशी तो "आज मी रजेवर" म्हणतो आणि पेट्या संयोगिता बघते.

मागच्या महिन्यात बाईंनी इस्लामपूरचा शंभूराज त्याच्याकडं पाठवला. तोही फौजीच, घरी कुणाशी बोलत नव्हता. कृष्णात म्हणाला, "रोज येत जा. बोलायची सक्ती न्हाई." चार दिवस शंभूराज मुका. पाचव्या दिवशी पेटीपाशी हळूच म्हणाला, "दादा, तुमच्या तोंडावरच्या जाळीत माशी शिरलीया."

गडी बोलला, या आनंदात कृष्णात जाळी काढायचीच विसरला. आठवडाभर भज्याएवढं नाक घेऊन गावभर हिंडला.