सरकारने म्हटले आहे

रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या बाईंना गल्लीत सगळे बातम्यावाल्या बाईच म्हणत. भाजीवाला तर त्या दिसल्या की हातातला काटा तसाच धरून विचारायचा, "काय बाई, आज सरकारने काय दिवे लावले?" बाई हसून साजरं करत, पण सरकारचा पोपट, सरकारचा पोपट हे ऐकून त्यांचे कान किटले होते.

आणि लोक अगदीच खोटं बोलत होते असंही नाही. बातमीपत्र मंत्र्यापासून सुरू व्हायचं. मोर्चा कितीही मोठा असो, हवामानाच्या आधी एका ओळीत उरकायचा. बाईंना ते डाचायचं. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी जिवापाड जपली होती. सरकारी कचेरीतून आलेली, आपल्या कुणा वार्ताहराने खातरजमा न केलेली बातमी असली, की "असे सरकारने म्हटले आहे" ही शेपटी लावल्याशिवाय त्या वाचत नसत. संपादक बदलले, सरकारं बदलली, शेपटी राहिली.

रेडिओच्या बाहेर ही खूण त्यांनी एकट्या आपल्या धाकट्या भावाला सांगितली होती. तो धरणाखालच्या वस्तीत सायकली दुरुस्त करायचा. गिऱ्हाईक बातम्यांवर कुरकुरलं की चाकातल्या तारा आवळता आवळता म्हणायचा, "आमच्या ताईने शेपटी लावली का? नाही ना? मग डोळे मिटून खरं माना." बहिणीचा कोण अभिमान त्याला!

नव्या संपादकाने आल्या आल्या ती शेपटी छाटली. "बाई, आपण सरकारचाच रेडिओ. आपणच संशय कशाला पेरायचा?" बाई दोनदा भांडल्या, मग गप्प बसल्या. निवृत्ती जवळ आलेली, रोज उठून कोण डोकं फोडणार? माणूस असा थकतो आणि वर त्यालाच शहाणपण म्हणतो.

त्याच आठवड्यात धरणाच्या वरच्या अंगाला पाऊस कोसळत होता. संध्याकाळच्या बातम्यांच्या तोंडावर कागद समोर आला. धरण सुरक्षित आहे, पाणी सोडले जाणार नाही, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. धरणावर कुणी फोन केलाय का, हे बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात लाल दिवा लागला आणि त्यांनी वाचलं, नेहमीच्या धीराच्या आवाजात. घरी जाताना भावाला फोन करावासा वाटला. मग वाटलं, आपणच तर आत्ता सांगितलं, सगळं ठीक आहे म्हणून.

पहाटे धरणाचे दरवाजे उघडले. भावाने बायकोला आणि मुलीला शेजारच्या गच्चीवर चढवलं. शेजारच्या म्हातारीला आणायला म्हणून खाली उतरला, तो परत आलाच नाही.

पाणी ओसरल्यावर बाई गेल्या. वस्तीतल्या माणसांना शाळेत ठेवलं होतं. भावजय वर्गाच्या भिंतीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर झोपलेली. बाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"सामान बांधून झालं होतं, ताई," ती म्हणाली. "सगळी गल्ली निघाली होती. हे म्हणाले, ताईच्या बातम्या होऊ देत. ऐकल्या, आणि मला गाठोडं सोडायला लावलं. शेजाऱ्यांनाही यांनीच थांबवलं. म्हणाले, शेपटी नाही, ताईने स्वतःहून सांगितलंय."

बाई म्हणाल्या, "शेपटी लावूच देत नाहीत गं आता. या आठवड्यातच बंद केली. तुम्हाला कळवायचं राहिलं."

भावजयीने मान वर करून विचारलं, "पण वाचायच्या आधी तुम्ही विचारलं तर असेल ना कुणाला?"

"नाही विचारलं."

भावजयीने आपला हात हळूच सोडवून घेतला.

"मी म्हणत होते निघू या," ती म्हणाली. "हे माझ्यावरच चिडले. म्हणाले, माझी ताई विचारल्याशिवाय बोलणार नाही."