शब्द वरून आला पाहिजे

दोर घडी करायला वेळ लागतो. घाईनं गुंडाळला तर दुसऱ्या दिवशी त्याला पीळ पडलेला असतो, आणि झाडावर पीळ सोडवत बसायला कुणाला परवडत नाही. म्हणून झाडं छाटणारी माणसं संध्याकाळी निवांत बसून दोर घडी करतात. हात गुंतलेले, तोंड मोकळं. किस्से साठतात ते अशा वेळी.

आमच्या परभणीच्या घराच्या मागच्या खोलीत तिघांचं सामान असतं. निवृत्तीमामा म्होरके, मशीन त्यांची. लाकूड कापायची जी साखळीची करवत असते, तिला सगळे नुसतं 'मशीन'च म्हणतात. पिंगळीचा मारोती वर चढतो. गफूरभाई खाली दोर धरतात. खोली रिकामीच होती, सुधानं ती त्यांना दिली. सुधा म्हणजे माझी बायको, शाळेत शिकवायची, म्हणून ते तिला मॅडम म्हणत. मी कॉलेजात आहे, म्हणून मी सर. सकाळी सामान न्यायला आले की चहा, संध्याकाळी ठेवायला आले की पुन्हा चहा, असं ठरून गेलं.

गेल्या पावसाळ्यात सुधा गेली. चहा आता मी करतो. गफूरभाई तो पितात आणि म्हणतात, "बरा हाय, सर." इतकंच.

स्वयंपाकघरामागं कडुलिंब आहे. आमच्याकडं त्याला नुसतं लिंब म्हणतात. घर बांधलं तेव्हा सुधानंच लावलेलं. यंदाच्या वळवाच्या वाऱ्यात त्याची एक थोरली फांदी बुडाशी तडकली आणि स्वयंपाकघराच्या पत्र्यावर लटकून राहिली. मेहुण्यांचा फोन आला, "भाऊजी, मुळापासून काढून टाका ते झाड." मी म्हणालो, बघू.

मामांनी खालून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "फांदी आपटली तर पत्रे गेले. उतरवताना साल फाटली तर झाड गेलं. दोन्ही ठिवायचं आसलं तर दोरावरच घ्यावी लागती. लय सबुरीचं काम हाय."

मला दोन्ही ठेवायचं होतं. मामा म्हणाले, वारा पडू द्या, मग करू. त्या थांबण्याच्या दिवसांत जुने किस्से पुन्हा निघाले.

*

मामा मशीन जिवापाड जपतात. पाथरीला काम असलं की तिला जुन्या टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीत बसतात. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काय हाय बाबा त्यात?"

"मशीन."

"शिवायची का?"

"न्हाई," मामा म्हणाले, "उसवायची."

*

मारोती मोबाईलवर परदेशातल्या छाटणीवाल्यांचे व्हिडिओ पाहतो. त्यांचे पट्टे, त्यांच्या कड्या, त्यांची चकचकीत हेल्मेटं. एकदा त्यानं मला विचारलं, "सर, हे लोक सोताला काय म्हणत्यात?"

मी सांगितलं, ट्री सर्जन. म्हणजे झाडांचे सर्जन.

मामा म्हणाले, "मग आपुन काय, कंपौंडर?"

पण मारोतीच्या डोक्यात ते बसलं. पुढं त्याच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मध्यस्थानं मुलीकडं सांगितलं, मुलगा सर्जन आहे. 'झाडांचा' हा शब्द वाटेत कुठं तरी गळाला. मुलीचे काका बघायला आले ते काखेतल्या पिशवीत हर्नियाचे रिपोर्ट घेऊनच.

चहा झाला. काकांनी हळूच विचारलं, "आपरेशन करता नव्हं?"

"करतो की," मारोती म्हणाला. "काल दोन केले. चिंचंचं अन् बाभळीचं."

काकांनी रिपोर्ट पुन्हा पिशवीत घातले. लग्न मात्र झालं. मुलगी आतून ऐकत होती आणि तिला हसू आवरलं नाही, म्हणून तिनं होकार दिला, असं मारोतीच सांगतो.

*

जाड फांदी कापताना पहिला काप खालून घ्यायचा. वरूनच कापत गेलं तर फांदी स्वतःच्या वजनानं मोडते आणि जाताना खोडाची साल सोलून नेते. "आधी खालून, मग वरून" हे मामांचं वाक्य आम्हाला पाठ आहे.

मामांच्या नातवाचा वाढदिवस होता. सगळ्यांनी आग्रह केला, आजोबांनीही सुरी लावावी. मामांनी केककडं नीट बघितलं, त्याचा कल कुठं आहे ते पाहिलं, आणि सुरी उलटी धरून खालून घातली.

सगळे ओरडले. मामा शांतपणे म्हणाले, "साल फाटंल की."

*

आता मुख्य गोष्ट. फांदी दोराला बांधून कापतात. कापली की ती हवेत लटकते, आणि दोराचं दुसरं टोक खोडाला वेढे देऊन गफूरभाईंनी धरलेलं असतं. वरून मारोती म्हणाला "सोड", की गफूरभाई वेढ्यातून दोर ढिला देत फांदी हळूहळू खाली आणतात. गफूरभाई वर बघत नाहीत. वर बघितलं की भुसा डोळ्यात जातो. त्यांचं सगळं काम कानावर.

एका बंगल्यात लिंबाची छाटणी चालली होती. ऊन मरणाचं. फांदी कापून लटकत होती आणि मारोती तिचा हेलकावा थांबायची वाट बघत होता. तेवढ्यात रस्त्यावरून गाडीवाला ओरडत गेला, "लिंबू सोडाऽऽ!"

गफूरभाईंनी सोडला.

फांदी कपड्यांच्या तारेवरून खाली आली. कुणाला लागलं नाही. पण जमिनीवर टेकली तेव्हा तिच्या अंगात मालकिणीचा गाऊन होता.

मामा संतापले. गफूरभाई एरवी आमच्यासारखंच मराठी बोलतात, रागावले की त्यांची भाषा बदलते. "मेरेकू क्या मालूम? मेरे हात में लिंब था, उनो बोल्या लिंब सोडा. मैं सोड्या!"

यात चूक कुणाची, हे आजतागायत ठरलेलं नाही.

*

त्या दिवसापासून 'सोड' बंद झालं. चहा पितानासुद्धा कुणी "सोड रे" म्हणत नाही. नवा शब्द ठरला, "येऊ दे".

तो एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या फाटकातून कुणाचा तरी टेम्पो मागं घेत होते आणि एक माणूस पाठीमागं हात हलवत उभा होता. "येऊ दे, येऊ दे, आजून येऊ दे..."

गफूरभाईंनी येऊ दिली. फांदी बरोबर टेम्पोच्या हौद्यात उतरली.

मामा म्हणाले, "आजवरचं सगळ्यात चांगलं लोडिंग." तरीही शब्द बदलायचं ठरलं.

*

संध्याकाळी आमच्या अंगणात बैठक बसली. परभणीत दिवसभरात कुणाच्या तोंडी येत नाही असा शब्द पाहिजे होता. मी 'अवरोहण' सुचवला.

गफूरभाई म्हणाले, "सर, तुमचा शब्द संपेपर्यंत मारोती म्हातारा होईल."

सुधा चहा घेऊन आली होती. ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "तथास्तु."

"म्हंजी काय, मॅडम?"

"मागितलंत ते दिलं."

गफूरभाईंनी तो दोन-तीनदा घोळवून पाहिला आणि त्यांना आवडला. मामांनीही मान डोलावली. मग सुधानंच अट घातली, "पण वरूनच म्हणायचा हं. खालून कुणी तथास्तु म्हणतं का?"

ते त्यांनी नियम म्हणून घेतलं. शब्द वरून आला पाहिजे. खालून कुणी म्हटलं तर गफूरभाई दोराला बोटही लावत नाहीत.

*

पाथरीला एका वाड्यामागच्या चिंचेवर काम होतं. घरच्या आजी ओट्यावर बसून सुनेला बोलत होत्या. सकाळपासून बोलत होत्या. शेवटी हात जोडून म्हणाल्या, "देवा, हिला एकदा माहेराला तरी धाड रे बाबा."

चिंचेतून आवाज आला, "तथास्तु!"

सून आत गेली, पिशवी भरून बाहेर आली. म्हणाली, "येते मी आत्याबाई. आता देवाच्या शब्दाबाहेर कसं जावं?" आणि सेलूच्या गाडीत बसली.

आठवडाभरानं मामांना आजींचा फोन. "त्या तुमच्या पोराला पुन्यांदा झाडावर चढवा. मला मागं घ्यायचंय."

हा किस्सा ऐकून सुधा इतकी हसली होती की तिला ठसका लागला. गफूरभाईंनी तांब्या पुढं केला होता.

*

परवा वारा पडला. सकाळी तिघं आले, सामान बाहेर काढलं, पण निघाले नाहीत. मामा म्हणाले, "सर, आज घरचं करू."

मारोती वर गेला. फांदीला दोर बांधला, कप्पीतून घेतला, शेंड्याकडचा भार आधी हलका केला. गफूरभाईंनी खोडाला वेढे दिले. मी त्यांच्याजवळ उभा होतो. मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "शब्द तुमी म्हणा, सर. आमाला आज ह्या झाडावर जमायचं न्हाई."

मी म्हणालो, "म्हणतो."

"हितून न्हाई चालत," गफूरभाई म्हणाले. "मॅडमचा नियम हाय."

मी छप्पन वर्षांचा आहे. शेवटचा झाडावर चढलो ते शाळेत असताना. मला हेल्मेट घातलं, पट्टा बांधला, पट्ट्याचा दोर वरच्या फांदीवरून घेऊन मामांनी हातात धरला आणि मला शिडीवरून पहिल्या बेचक्यात बसवलं.

तिथून स्वयंपाकघराचा पत्रा दिसत होता. कुरडया वाळत घालताना सुधा धोतराच्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवायची. चारी दगड अजून होते. धोतर नव्हतं.

मारोतीनं करवत चालवली. आधी खालून, मग वरून. एक बारीक आवाज झाला आणि फांदी खोडापासून सुटून दोरावर आली. पत्र्यावरून बाहेर झुलली, पुन्हा आत आली, पुन्हा बाहेर गेली, आणि थांबली. आता शब्द मी म्हणायचा होता, आणि माझी नजर पुन्हा त्या चार दगडांवर गेली.

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "लिंबू सोडाऽऽ!"

गफूरभाईंच्या मुठी हलल्या नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. डोळ्यांत भुसा जात होता तरी वर बघत राहिले. म्हणाले, "तो न्हाई, सर. तुमी."

मी म्हणालो, "तथास्तु."

फांदी धुण्याच्या दगडाशेजारी टेकली. एक पानही पत्र्याला लागलं नाही. मामांनी माझा दोर गफूरभाईंच्या हातात दिला आणि शिडीवर चढून कापावर बोट फिरवून पाहिलं. "साल कुटंच फाटली न्हाई. झाड ऱ्हायलं, सर."

मला एकदम फार बरं वाटलं. उन्हानं घसा वाळला होता. गाडीवाला अजून कोपऱ्यावरच दिसत होता. मी वरूनच ओरडलो, "अरे, थांबवा त्याला! आज माझ्याकडून सगळ्यांना लिंबू..."

खाली गफूरभाईंनी माझा दोर दोन्ही हातांनी घट्ट आवळला.

"सर," ते म्हणाले, "नाव घेऊ नका. आधी खाली या."